देवाची वाणी की माझंच मन? ऐकायला शिकायचं कसं, पारखायचं कसं

ओंजळ यांचा प्रश्न:

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघासाठी 'प्रभूची वाणी ऐकणे' या विषयावर सहा आठवड्यांचा अभ्यास बसवायचा आहे. एका बाजूला 'देव जे बोलायचं ते शास्त्रात, म्हणजे बायबलात, बोलून गेला, बाकी सगळे मनाचे खेळ' असं मानणारे आहेत. दुसऱ्या बाजूला दिवसातून चार वेळा 'प्रभूनं मला सांगितलं' म्हणणारे आहेत. मधली मुलं गोंधळतात आणि मनातल्या मनात ठरवून टाकतात की आपल्याला काही ऐकू येत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी हव्या आहेत.

१. रोज नेमकं करायचं काय? किती वेळ, कुठून सुरुवात, वहीत काय लिहायचं?

२. मनात आलेला विचार देवाकडून आहे, स्वतःचा आहे की भीतीतून आलाय, हे ओळखायचं कसं?

३. नोकरी, लग्न, शिक्षण असा निर्णय समोर असताना वर्षअखेरच्या उपासनेत निघालेली वचनाची चिठ्ठी, डोळे मिटून उघडलेलं पान, गिदोनाची लोकर (म्हणजे देवाकडे अट घालून खूण मागणं), यांवर किती विसंबावं?

'शांत बसा, देव बोलेल' याच्या पुढचं सांगा. पायरीपायरीनं सांगितलंत तर फार मदत होईल.

---

साधी_वही:

सलाम ताई. सुरुवात शब्दापासून करा, मराठीत ती सोय आयतीच आहे. 'आईचं ऐक' म्हणतो तेव्हा कानांवर पडू दे एवढंच आपल्याला म्हणायचं नसतं. सांगितलेलं कर, असं म्हणायचं असतं. अनुवाद ६:४ मध्ये 'हे इस्राएला, ऐक' आहे, तिथल्या हिब्रू 'शमा' या शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलांना एकच प्रश्न द्या: शेवटचं जे स्पष्ट कळलं होतं, ते केलं का? कुणाची तरी माफी मागायची राहिली आहे, उसने पैसे द्यायचे राहिले आहेत, घरी खोटं बोललेलं कबूल करायचं राहिलं आहे. ते न करता तिथंच पाय रोवून उभा असलेला माणूस पुढचं ऐकायला बसतो आणि देव गप्प आहे म्हणतो.

दुसरा आठवडा १ शमुवेल ३ ला द्या. सगळं शिक्षण त्या एका अध्यायात आहे. शमुवेल मंदिरात राहणारा, देवाच्या कराराच्या कोशाजवळ निजणारा मुलगा, तरी सातवं वचन सांगतं की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. हाक ऐकू आली की तो तीनदा एली या म्हाताऱ्या याजकाकडे धावतो. ओळखीच्या माणसाचीच हाक असणार, असं त्याला वाटतं. शिकणाऱ्याची पहिली चूक आजही हीच असते: देवाची वाणी वडिलांच्या, शिक्षकांच्या, पाळकांच्या आवाजात मिसळून जाते, आणि उलट त्यांचं रागावणं देवाचं रागावणं वाटू लागतं. या चुकीबद्दल शमुवेलाला कुणी रागावत नाही. दुसरं म्हणजे, ओळख पटवून देतो तो एली, ज्याची नजर मंदावली आहे आणि ज्याची मुलं हाताबाहेर गेली आहेत. जाणती व्यक्ती निर्दोष असावीच लागते असं नाही, जाणती असावी लागते. तिसरं, चौथ्या हाकेला शमुवेल 'बोल, तुझा दास ऐकत आहे' म्हणतो आणि जे ऐकतो ते त्याला अजिबात आवडणारं नसतं. एलीच्याच घराण्याचा न्याय. वर्षभरात वहीत फक्त स्वतःला आवडणाऱ्याच गोष्टी 'प्रभू बोलला' म्हणून जमा झाल्या असतील, तर वही पुन्हा तपासायला हवी.

आता रोजचं. पंचवीस मिनिटं पुरेत. सुरुवातीलाच तासभर ठरवणारी मुलं दहाव्या दिवशी सोडून देतात.

मार्ककृत शुभवर्तमान घ्या आणि ओळीनं वाचा, रोज दहा-बारा वचनं. दोन महिन्यांत पूर्ण होतं. ओळीनं वाचण्याला महत्त्व आहे, कारण मग काय वाचायचं हे आपल्या मनःस्थितीवर ठरत नाही. पहिली दोन मिनिटं नुसतं बसा, पाय जमिनीला टेकलेले. मग उतारा मोठ्यानं वाचा, एकदा सलग. दुसऱ्यांदा सावकाश, शब्द जिथं अडेल तिथं थांबा. तिसऱ्यांदा तीन प्रश्न घेऊन वाचा: कोण कुणाशी बोलतंय, देवाबद्दल काय कळतंय, आणि त्या काळच्या ऐकणाऱ्याला काय करायला सांगितलं होतं. 'मला काय?' हा प्रश्न याच्यानंतर. तो आधी आला की उतारा आरसा होतो, आणि आरशात आपलंच तोंड दिसतं. त्यानंतर सात-आठ मिनिटं प्रार्थना, जो शब्द अडला त्याच शब्दाला धरून. शेवटची पाच मिनिटं वही.

वहीचं डावं पान उताऱ्याचं: आज वचन काय म्हणतं, दोन ओळी. उजवं पान माझं: मनात काय आलं, तेही दोन ओळी. दोन्ही एकत्र लिहू नका. सहा महिन्यांनी वाचताना शास्त्र कुठं संपलं आणि माझा विचार कुठं सुरू झाला, हे दिसलंच पाहिजे. उजव्या पानावर तारीख घाला आणि खाली तीन बोटं जागा कोरी ठेवा. महिन्यानं तिथं लिहायचं: हे खरं ठरलं, चुकलं, की अजून कळत नाही. 'चुकलं' हे लिहायला मुलांना धीर द्या. आपलं मन कुठं चुकतं हे ज्याला माहीत असतं, त्याला ऐकणंही पुढं सोपं जातं.

मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि बायबल कागदाचंच. एकच खोली असेल तर गच्ची, जिना, नाहीतर पहाटे नळाला पाणी यायच्या आधीची वेळ. शेजारी कागदाचा कपटा ठेवा. 'गॅस बुक करायचा', 'फी भरायची' असे विचार येतील ते कपट्यावर टिपायचे. झटकत बसलं की तेच पुन्हा येतात.

भाषांतर दोन ठेवा, एक रूढ आणि एक सोपं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. कमी शिकलेल्या बाईलाही वचन थेट कळावं ही त्यामागची तळमळ होती. जे वाक्य नीट कळलंच नाही त्यातून देव काय बोलला, हे ठरवायला बसू नये.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नातल्या तीन गोष्टी.

चिठ्ठी: वर्षाच्या पहिल्या रात्री ताटातून वचन उचलणं ही प्रेमाची रीत आहे, ती मोडू नका. फक्त घरी जाऊन तो संपूर्ण अध्याय वाचायला लावा. यिर्मया २९:११ ची चिठ्ठी पुष्कळांना येते, भविष्य आणि आशा देणारी. पण ते पत्र बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षं थांबायचं आहे आणि पाचव्यात घरं बांधा, बागा लावा असं सांगितलं आहे. 'याच वर्षी व्हिसा मिळणार' असा त्याचा अर्थ होत नाही. परक्या गावी हातातलं काम नीट करत धीर धरा, हा होतो, आणि तो कितीतरी जास्त उपयोगी आहे.

उघडलेलं पान: इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत, पुढं संत झालेल्या ऑगस्टिननं पुस्तक उघडलं आणि रोमकरांस १३:१३-१४ समोर आलं, हा दाखला सगळे देतात. पण त्या वचनानं त्याला नवीन माहिती दिली नव्हती. ज्या पापाशी तो कित्येक वर्षं झगडत होता आणि जे सोडायचं हे त्याला ठाऊक होतं, तेच त्या पानावर होतं. दोन नोकऱ्यांतली कोणती घ्यावी हे विचारायला ती रीत नाही.

लोकर: शास्ते ६ पुन्हा वाचा. गिदोनाला आज्ञा चौदाव्या वचनात स्पष्ट दिलेली आहे. लोकर येते छत्तिसाव्यात. आणि गिदोन स्वतःच 'तू म्हटल्याप्रमाणे' असं म्हणतो. म्हणजे देवाची इच्छा त्याला माहीत होती, धीर कमी पडत होता. देवानं त्याला सांभाळून घेतलं ही देवाची दया; तो आपल्यासाठी नेम नव्हे. 'उद्या पाचच्या आत फोन आला तर होकार' अशी अट आपण घालतो तेव्हा निर्णयाचा भार फोन करणाऱ्याच्या सवडीवर टाकत असतो.

---

वसईचा_वारा:

जय येशू. वर दिलेली वाचनाची रीत आमच्याकडेही फार जुनी आहे. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन संन्याशानं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. चौथ्या पायरीवर वही बंद, शब्दही बंद.

मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचं सगळ्यात बारकाईचं उत्तर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिलंय. मे १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडून असताना वाचायला होतं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. कधी ते सरदारकीची, पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्हींत आनंद वाटे. फरक नंतर पडे: पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर बराच वेळ तृप्त राही. हा 'नंतर'चा फरक टिपणं हीच पुढं पारखण्याची सगळी पद्धत झाली. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात पारखण्याचे नियम दोन संचांत आहेत, चौदा आणि आठ. मुलांना सगळे नकोत, पण हे जरूर द्या.

सांत्वन आणि उदासी हे दोन शब्द आधी नीट समजावा. सांत्वन म्हणजे बरं वाटणं नव्हे. ज्यानं विश्वास, आशा, प्रीती वाढते ते सांत्वन. पापाबद्दल रडू येणं हेही त्यात आलं. ज्यानं मन आत आत वळतं, प्रार्थना नकोशी होते, 'आपलं काही खरं नाही' असं वाटू लागतं ती उदासी. 'मनाला शांती आहे, म्हणजे देवाची इच्छा' या वाक्यात इथंच घोटाळा होतो. कठीण काम टळलं की सुटल्यासारखं वाटतंच. देवानं सांगितलेलं काम टाळून पळालेल्या योनालाही जहाजाच्या तळाशी गाढ झोप लागली होती.

नियम पहिला, सोन्यासारखा: उदासीत असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही (परिच्छेद ३१८). प्रार्थना थोडी वाढवायची, सोडायची नाही. तासाची नेमून घेतली असेल तर त्या दिवशी तासाच्या थोडं पुढं बसायचं. अकरावी-बारावीची मुलं निकालाच्या आठवड्यात 'देवाला मी नकोच आहे' असं ठरवून मोकळी होतात. त्यांना हा नियम पाठच असावा.

दुसरा: पाणी कशावर पडतंय ते पाहा (३३५). देवाकडे जाणाऱ्या माणसाला चांगली प्रेरणा स्पंजात थेंब मुरावा तशी येते, हळुवार. दुष्टाची प्रेरणा दगडावर पाणी आपटावं तशी येते, आवाज करत. पण जो माणूस देवापासून दूर चाललाय त्याचं उलट होतं: त्याला टोचणी देवाकडून आणि गोड गोड समजूत दुसरीकडून. म्हणून 'मऊ वाटलं म्हणजे देव' असं सरसकट शिकवू नका. आधी विचारा, सध्या पावलं कुठल्या दिशेनं पडताहेत?

तिसरा: विचाराचं शेपूट तपासा (३३३). सुरुवात चांगली, मधला भाग चांगला, आणि शेवट? 'रात्रभर प्रार्थना करीन' हा विचार भक्तीचा वाटतो. तिसऱ्या दिवशी चिडचिड, अभ्यास बुडालेला, आईला उलट उत्तरं. जिथं पोचवलं त्यावरून कुणी पाठवलं ते कळतं.

चौथा: जे 'कुणाला सांगू नको' म्हणतं त्यापासून सावध (३२६). असा विचार जाणत्या माणसासमोर उघड केला की त्याचा अर्धा जोर तिथंच जातो.

पाचवा फार थोड्यांना माहीत असतो (३३६). देवानं मनाला खरोखर स्पर्श केला, असं मानू. त्यानंतरचा तास-दोन तासांचा उमाळा वेगळा असतो. त्यात आपण स्वतःच्याच कल्पना जोडतो, योजना आखतो, वचनं देऊन बसतो. स्पर्श देवाचा, पण त्या ऊबेत आखलेली योजना देवाचीच असेल असं नाही. शिबिराच्या शेवटच्या रात्री घेतलेले निर्णय पंधरा दिवस बाजूला ठेवायचे ते याच कारणानं.

या सगळ्यासाठी रोजचा सराव म्हणजे रात्रीची मनाची तपासणी, दहा-पंधरा मिनिटं. आधी आभार, ठळक नावं घेऊन. मग प्रकाश मागणं: 'प्रभू, तुझ्या नजरेनं दिवस दाखव.' मग सकाळपासून तासातासानं दिवस उलगडणं. कुठं मन देवाकडे झुकलं, कुठं दूर गेलं. मग क्षमा. शेवटी उद्याच्या एकाच गोष्टीसाठी मदत. बिघडतं ते तिसऱ्या पायरीवर: मुलं फक्त पापांची यादी करतात आणि कंटाळून सोडतात. सांगा की एक चांगला क्षण आणि एक वाईट, एवढंच पुरे. अंथरुणात पडून करू नका. दुसऱ्या पायरीला झोप लागते.

निर्णयाबद्दल. दोन्ही पर्याय चांगले असतील तरच ही रीत लागते. लाच घ्यावी का, हे पारखायला बसायचं नसतं. आपल्याकडे नर्सिंग केलेल्या मुलींपुढं हमखास येणारं उदाहरण घ्या: आखाती देशातली नोकरी घ्यावी की इथंच राहावं. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. मग तराजूचा काटा मधे येईपर्यंत प्रार्थना, म्हणजे 'जाणं झालं तरी तुझंच, राहणं झालं तरी तुझंच' असं खरेपणानं म्हणता येईपर्यंत. याला दिवस लागतात आणि सगळ्यात कठीण पायरी हीच आहे. मनानं बॅग भरून झाली असेल तर पुढचं सगळं नाटक होतं. मग कागदावर चार रकाने: गेले तर फायदे, गेले तर तोटे, राहिले तर फायदे, राहिले तर तोटे. चार का, दोन का नाहीत? कारण 'जाण्याचे तोटे' आणि 'राहण्याचे फायदे' लिहायला बसलं की वेगवेगळ्या गोष्टी बाहेर येतात. मुद्दे मोजू नका, वजन बघा. 'पगार', 'फ्लॅट', 'कर्ज' अशा दहा ओळींपेक्षा 'आईचं डायलिसिस' ही एक ओळ जड असू शकते. अडलंच तर इग्नेशियसचे दोन प्रश्न: अगदी अनोळखी मुलगी याच प्रश्नासह आली तर तिला काय सांगशील? मरणाच्या दारात उभी असताना काय ठरवलेलं बरं वाटेल? निर्णय झाला की तो देवापुढं ठेवून काही दिवस तसाच राहू द्या. सांत्वन टिकतं का ते पाहा आणि मगच सही करा.

---

मीठभाकर:

दोन्ही उत्तरं मनापासून पटली. मानसिक आरोग्याच्या बाजूनं थोडं जोडते, कारण असल्या अभ्यासात हा भाग नेमका राहून जातो आणि नुकसान तिथंच होतं.

'वाणी' हा शब्द मुलांना कानांनी ऐकू येणारा आवाज वाटतो. बहुतेकांच्या बाबतीत तो विचार, आठवलेलं वचन किंवा मनाचा ओढा असतो. झोप लागताना कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं वाटणं, किंवा घरात मृत्यू झाल्यावर त्या माणसाचा आवाज कानात येणं, हे पुष्कळ निरोगी माणसांना होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि लगेच त्याचा दैवी अर्थ लावण्याचीही घाई नको.

पण आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं सांगत असेल, दिवसभर आपल्या हालचालींवर बोलत राहत असेल, टीव्हीवरून आपल्यालाच खुणा येताहेत असं वाटत असेल, तीन-चार रात्री झोप नसूनही थकवा जाणवत नसेल आणि डोक्यात मोठमोठ्या योजना असतील, तर ही पारखण्याची वेळ नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि प्रार्थनाही करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असं अचानक सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना; आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो. कुठं न्यायचं सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

'प्रभूनं बरं केलं, गोळ्या सोड' ही प्रेरणा कितीही खरी वाटली तरी गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या. बरं झालं असेल तर तपासणीत दिसेलच. येशूनंही कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं होतं (मार्क १:४४). उपासाचंही तसंच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं उपाशी राहिलं की साखर घसरते, हात थरथरतात, बोलणं भरकटतं, आणि आजूबाजूचे त्याला आत्म्याचा अनुभव समजतात. अशांनी जेवणाऐवजी मोबाईलचा किंवा मालिकांचा उपास करावा. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्यांनी निर्जळी उपास तर अजिबात करू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण धोक्यापर्यंत चढू शकतं.

आणखी एक प्रकार हळव्या, प्रामाणिक मुलांत दिसतो. मनात आलेली प्रत्येक गोष्ट आज्ञा वाटते: 'या माणसाला आत्ताच साक्ष दे, नाहीतर त्याचं रक्त तुझ्या माथी', 'प्रार्थना नीट झाली नाही, पुन्हा कर'. करून टाकलं की क्षणभर सुटका, पाच मिनिटांत पुढची आज्ञा. ही धास्ती आहे. कधी ती ओसीडी या आजाराचं रूप असते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. स्वतः इग्नेशियस स्पेनमधल्या मानरेसा गावी याच धास्तीत सापडले होते. जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचले, आठवडाभर अन्न सोडलं, शेवटी पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी खायची आज्ञा केली तेव्हा जेवले. अशा मुलाला 'अजून लक्ष देऊन ऐक' असं सांगू नका, त्यानं आग भडकते. एकच विश्वासू माणूस ठरवा, त्याचा शब्द एकदाच घ्यायचा, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. आणि नियम द्या: 'आत्ताच्या आत्ता, नाहीतर' अशी धमकी घालणारा विचार चोवीस तास थांबवायचा. मेंढपाळ पुढं चालतो आणि मेंढरं मागून येतात (योहान १०:४); मागून काठी घेऊन पळवणारा तो नव्हे.

---

ओंजळ:

सगळ्यांचे खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. कुणी दुसऱ्याबद्दल संदेश देतं, 'प्रभू म्हणतो, तुझं लग्न अमक्याशी होईल', तेव्हा काय करावं? आणि हे सगळं करूनही महिनोन्‌महिने काहीच जाणवलं नाही तर?

---

साधी_वही:

संदेशाबद्दल १ थेस्सलनी. ५:१९-२१ एका श्वासात दोन गोष्टी सांगतं: संदेशाचा धिक्कार करू नका, आणि सगळ्याची पारख करा. १ करिंथ १४:२९ मध्ये दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारखावं असं आहे. म्हणजे पारख करणं हा अविश्वास नाही, तो उपासनेचाच भाग आहे.

मुलांना प्रेषितांची कृत्ये २१ वाचायला द्या. अगब हा संदेष्टा प्रेषित पौलाचा कमरपट्टा घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमात तुला असं बांधतील. ऐकणारे रडून म्हणतात, जाऊ नकोस. पौल म्हणतो, मी मरायलाही तयार आहे. संदेश एकच, निष्कर्ष दोन! जे कळलं, त्याचा अर्थ आणि त्यावरून काय करायचं, ही तीन वेगळी कामं आहेत. संदेश देणाऱ्याचं काम पहिल्यापाशी संपतं. शेवटचं ज्याचं आयुष्य आहे त्याचं.

म्हणून बोलण्याची भाषा ठरवून द्या. 'प्रभू म्हणतो' ऐवजी 'तुझ्यासाठी प्रार्थना करताना मला असं वाटलं, तू तपासून पाहा'. लग्न, मूल, पैसा, आजार, मृत्यू यांबद्दल तरुण संघात कुणी कुणाला संदेश द्यायचा नाही. वाटलंच तर आधी पाळकांना सांगायचं. आलेला संदेश तारखेसह शब्दशः लिहून ठेवायचा, कारण महिन्याभरात आठवणीत त्याचे शब्द बदलतात. ज्याला मिळाला त्याच्यावर तो बंधनकारक नाही. १ राजे १३ मधला यहूदातला देवाचा माणूस नेमका इथं फसला. देवानं त्याला जे स्वतः सांगितलं होतं ते त्यानं म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या 'देवदूतानं मला सांगितलं' या शब्दाखातर सोडलं, आणि ते शब्द खोटे होते.

संदेशापाठोपाठ देणगीची मागणी आली तर तिथंच थांबा. 'दिदाखे' हा पहिल्या-दुसऱ्या शतकातला मंडळीचा नियमग्रंथ सरळ सांगतो की आत्म्यात बोलतोय असं दाखवून स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा संदेष्टा आहे.

---

वसईचा_वारा:

देवाच्या गप्पपणाबद्दल. इग्नेशियसनं उदासीची तीन कारणं दिली आहेत (३२२): आपलीच हयगय, देव आपल्याला पारखतोय, किंवा सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. हयगय असेल तर सुधारा. नसेल तर स्वतःला कुरतडत बसू नका.

१ राजे १९ क्रमानं वाचा. एलीया हा संदेष्टा मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मग चाळीस दिवसांची वाट. त्यानंतर वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती मंद वाणी. मूळ हिब्रूत शब्द असे आहेत की 'बारीक शांततेचा आवाज' असाही अर्थ होतो. आणि ती वाणी काय म्हणते? 'तू इथं काय करतोस?' हा आधी विचारलेलाच प्रश्न. मग कामं: हजाएल, येहू, अलीशा यांना अभिषेक कर. 'मी एकटाच उरलो' हा त्याचा हिशेबही दुरुस्त होतो, सात हजार शिल्लक आहेत. तेव्हा महिनोन्‌महिने कोरड असणाऱ्या मुलाला आधी विचारा: झोपतोस किती, जेवतोस का, गेल्या महिन्यात कुणाशी मोकळं बोललास?

मदर तेरेसांचं उदाहरण मोठ्या मुलांना सांगता येईल. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांमध्ये जाण्याची हाक जाणवली. त्यांनी लगेच मठ सोडला नाही. आध्यात्मिक मार्गदर्शकांना सांगितलं, त्यांनी थांबवलं. कोलकात्याच्या आर्चबिशपांनी थांबवलं. रोमची परवानगी आली तेव्हा १९४८ उजाडलं होतं. दोन वर्षं थांबूनही हाक तशीच राहिली, ही तिची परीक्षा झाली. आणि काम सुरू झाल्यावर अंतरात दीर्घकाळ अंधार होता, हे त्यांच्या पत्रांतून कळतं. आधी जे स्पष्ट ऐकलं होतं त्यावर त्या चालत राहिल्या.

---

साधी_वही:

ताई, बैठकीची वेळ दीड तासाहून जास्त ठेवू नका. दहा मिनिटं गीत, वीस मिनिटं उतारा मोठ्यानं तीनदा, पंधरा मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं वहीत लिहिणं, आणि मग तिघातिघांच्या गटात अर्धा तास. गटात प्रत्येकानं उजव्या पानावरचं एकच वाक्य वाचायचं. बाकी दोघांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे: 'हे वचनात कुठं दिसतं?', 'असं झालं नाही तर तुला काय वाटेल?' मुलं-मुली वेगळ्या गटांत ठेवा म्हणजे मोकळं बोलतील, आणि गट सहाही आठवडे तेच ठेवा. शेवटची पंधरा मिनिटं प्रार्थनेला. सहाव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची कोरी सोडलेली तीन बोटं जागा भरायला लावा.

---

ओंजळ:

लिहून घेतलं. पहिल्या आठवड्याला 'शेवटचं कळलेलं केलं का?' आणि दुसऱ्याला शमुवेल, हे पक्कं. वह्या शंभर पानी आणतेय, आणि १४४१६ पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवते. सगळ्यांना सलाम.